पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का? माझं मत : नाही

बर्डीची बुलेट

मे महिना लागला, पारा ४५ च्या घरात गेला की नागपुरात जुन्या बुलेट आणि ॲम्बेसेडर तापून बंद पडायला लागतात. मग एकच सल्ला ऐकू येतो : पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे, उघडझाप करणारे संपर्क) फेका, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट टाका. या सल्ल्याला माझा विरोध आहे, कारण त्यात खरा दोष शोधलाच जात नाही.

तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर पहिल्या किकला चालू, असं होत असेल तर आधी कंडेन्सरवर (पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर) संशय घ्या, मग कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). पॉइंट उघडतात तेव्हा कंडेन्सरवर दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो. आतलं इन्सुलेशन उष्णतेनं कमजोर झालं असेल तर तिथेच गळती होते. साध्या मल्टिमीटरला ही गळती दिसत नाही, त्याचा व्होल्टेज फार कमी असतो. चांगला कंडेन्सर लावून पाहणं हीच सोपी परीक्षा. बुलेटमध्ये तो इंजिनाच्या उष्णतेतून काढून कॉइलजवळ बसवता येतो. साधारण ०.२ मायक्रोफॅरड, वायर आखूड, अर्थ (बॉडीला जोडायची जागा) घासून स्वच्छ केलेला, आणि जोडणी पॉइंटला समांतर. बस.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. तो कॅमच्या (पॉइंट उघडणारा फिरता उंचवटा) सगळ्यात उंच जागी मोजायचा आणि टायमिंगला (ठिणगी पडायची वेळ) हात त्यानंतरच लावायचा, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतंच. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि किक उलटी मारते. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजून गॅप कमी झाला की टायमिंग मागे जातं, पिकअप मरतो आणि इंजिन जास्त तापतं. उन्हाळ्यात हे दुसरं जास्त महाग पडतं. कास्ट आयर्न बुलेट ३५० ला कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, दोन्ही टॅपेट ढिले असताना, ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे ठेवून पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत.

हिंगणा रोड

भाऊ, कंडेन्सरचं पटलं. पण कारच्या डेल्कोच्या (ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटणारा डिस्ट्रिब्युटर, पॉइंटही त्यातच) शाफ्टचा बुश झिजला असेल तर काय करता? शाफ्ट बोटानं आडवा हलतो, म्हणजे गॅप दर फेऱ्याला वेगळा. आज ०.४० लावला तरी चालत्या गाडीत तो ०.४० राहतच नाही. चार सिलिंडरच्या लुकास पद्धतीच्या डेल्कोत ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ६० अंशांच्या आसपास हवा. व्हॅक्यूमची नळी काढून आयडलला आणि मग रेस देऊन मोजा. ३ अंशांपेक्षा जास्त फरक आला तर बुश गेला समजा. अशा गाडीत फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घेऊन बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे. किटमध्ये घासणारी टाच नाही, गॅप नाही. माझं मत स्पष्ट आहे, किट टाका.

बर्डीची बुलेट

बुश गेला तर बुश बदला. किट टाकल्यावर टाच घासायची थांबेल, पण हलणारा शाफ्ट हलतच राहील आणि टायमिंग थोडं विखुरलेलंच राहील. ठिणगी वाटणारा फिरता रोटर आणि डेल्कोची कॅप यांच्यातलं अंतरसुद्धा त्याच शाफ्टवर अवलंबून असतं. किटनं दोष झाकला जातो, जात नाही.

धंतोलीची ॲम्बी

दोघांच्याही भांडणात एक साधी वायर राहून गेली. डेल्कोच्या आत, पॉइंट ज्यावर बसतात त्या बेसप्लेटला जोडणारी लवचीक अर्थ वायर असते. वरून कापड शाबूत दिसतं, आत तारा तुटलेल्या असतात. आयडलला गाडी छान, ॲक्सिलरेटर दिला, व्हॅक्यूमनं प्लेट फिरली की मिसिंग. यात चांगले पॉइंट आणि चांगले कंडेन्सर फुकट बदलले जातात.

दुसरी चूक पॉइंट बसवताना होते. कॉइलची वायर आणि कंडेन्सरची वायर, दोन्हीची टोकं स्प्रिंगला टेकली पाहिजेत, पण मधल्या खुंटीला अजिबात नाही. त्यासाठीच तो टोपीसारखा प्लास्टिकचा वॉशर आहे. वॉशरचा क्रम चुकला की पॉइंट कायमचे अर्थ होतात आणि ठिणगी शून्य.

आणि कृपा करून एमरी पेपर वापरू नका. त्याचे कण धातूत रुततात. बारीक पॉइंट फाइल फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा जाड कागद पॉइंटमध्ये धरून ओढा. नव्या पॉइंटवरही तेलाचा थर असतो, तो न पुसता बसवले तर लवकर जळतात. एका पॉइंटवर टेकाड आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर फिलर गेज टेकाडावर टेकते, खरा गॅप जास्तच असतो. असे पॉइंट सरळ बदला.

हिंगणा रोड

ताई, तुमचं सगळं बरोबर, पण हे करणारा माणूस किती गॅरेजात उरला आहे? बाजारात मिळणाऱ्या काही पॉइंटची टाच इतकी मऊ असते की हजार किलोमीटरमध्ये गॅप निम्मा होतो. रोज वर्धा रोडनं ऑफिसला जाणाऱ्यानं दर महिन्याला कॅप उघडायची का?

धंतोलीची ॲम्बी

टाच झिजते त्याला कोरडा कॅमही कारण असतो. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं, उष्णतेत न वितळणारं ग्रीस कॅमवर लावायचं. जास्त लावलं तर आपल्या उन्हात ते उडून पॉइंटवर बसतं. नवे पॉइंट बसवल्यावर ५०० किमीला गॅप एकदा तपासा. टाच सुरुवातीलाच सगळ्यात जास्त बसते, पुढे झीज मंदावते.

बर्डीची बुलेट

रोज वापरणाऱ्याची अडचण मी मान्य करतो. तरीही किट घेणार असाल तर काही गोष्टी बघूनच घ्या. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला) असतो. वायर उलटी लागली की किटचं मॉड्यूल क्षणात जळतं. बॅटरी खूप उतरली तर अनेक किट करंटच देत नाहीत, पॉइंट मात्र मंद दिव्यावरही ठिणगी पाडतात. किटसाठी कमी रेझिस्टन्सची कॉइल घेतली असेल तर ती परत पॉइंटवर लावू नका. १२ व्होल्टला साधी ३ ओमची कॉइल ४ अँपिअर घेते, १.५ ओमची दुप्पट घेईल आणि पॉइंट जाळून टाकेल. काढलेली बेसप्लेट पॉइंट आणि कंडेन्सरसकट, गॅप लावून, डिकीत ठेवा. मध्य प्रदेश सीमेवरच्या खवासाच्या पुढे जंगलात मॉड्यूल गेलं तर स्क्रू ड्रायव्हर आणि १२ व्होल्टचा छोटा बल्ब पुरतो. बल्बची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, चावी ऑन. इंजिन चालतं त्याच दिशेनं हळू फिरवा, बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले. काम झालं की चावी बंद करा, नाहीतर पॉइंट मिटलेले राहून कॉइल तापत राहील.

हिंगणा रोड

प्लेट डिकीत ठेवायची, हे मान्य. किट काढणार नाही.