मदत हवी आहे : आईला शेवटाबद्दल बोलायचंय, घरात कुणी बोलू देत नाही

आईचा अंडाशयाचा कॅन्सर आता यकृतापर्यंत पसरलाय. केमो थांबवली आहे. पॅलिएटिव्ह केअरचे (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे) डॉक्टर बघतात, मॉर्फिनमुळे दुखणं बरंचसं आटोक्यात आहे. पण मनाचं काय करायचं ते कळत नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

आईला आजाराची पूर्ण कल्पना आहे. मधूनच म्हणते, "मी गेल्यावर ह्यांना एकटं ठेवू नका," नाहीतर "आता माझा कुणाला काय उपयोग?" दादा लगेच तोडतो, "असलं बोलू नकोस, बरी होशील तू." बाबा उठून बाहेर जातात. मग ती गप्प होते, ती दिवसभर. दादाला दोष देत नाहीये, त्याचा जीव तुटतो हे मला दिसतं. पण तिला सांगायचंय ते तसंच राहून जातंय आणि हातात वेळ थोडा आहे.

हे नैराश्य आहे का? भूक नाही, थकवा, झोप नाही, हे सगळं तर आजारानेही होतं. मग ओळखायचं कसं? स्टेरॉइडची गोळी संध्याकाळऐवजी सकाळी दिल्यापासून झोप जरा सुधारली, पण "काय उपयोग" काही थांबलं नाही. नात आली की मात्र अजून खुलते.

दुसरं म्हणजे, कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांच्या 'डिग्निटी थेरपी'बद्दल वाचलं. रुग्णाला आयुष्यातल्या महत्त्वाच्या आठवणी, कशाचा अभिमान वाटतो, मागे राहणाऱ्यांना काय सांगायचंय हे विचारतात, रेकॉर्ड करतात. मग ते लिहून काढून, रुग्णाकडून दुरुस्त करून घेऊन घरच्यांसाठी ठेवतात. २०११ साली छापलेल्या चाचणीत त्रासाच्या मोजपट्ट्यांवर ठळक फरक दिसला नव्हता, पण उपयोग झाला असं रुग्णांनी स्वतः जास्त सांगितलं. मला तेवढं पुरे आहे. हे घरच्यांनी विचारलं तर चालतं का? आमच्यासमोर ती आमच्याच काळजीने शब्द गिळते.

प्रतिसाद

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये समुपदेशक आहे. नातीला बघून खुलतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. नैराश्यात बहुधा कशातच गोडी राहत नाही. हताश झालेला माणूस समोरच्या क्षणात रमू शकतो, पण पुढे काही उरलं नाही असं त्याला वाटतं. दोन्ही एकत्रही असतं, म्हणून तपासून घ्याच. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून डॉक्टरांशी बोलायला उशीर करू नका. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. आणि अचानक गोंधळल्या किंवा एकदम सुस्त झाल्या तर तो डेलिरियम (आजाराने किंवा औषधाने अचानक येणारा भ्रम) असू शकतो, त्याच दिवशी कळवा.

रेकॉर्डिंगला शक्यतो प्रशिक्षित, बाहेरचं माणूस बघा. घरी करायचं तर त्यांना बरं वाटेल त्या वेळी, थोडं थोडं. दादांशी आईसमोर नको, वेगळं बोला. "उत्तर द्यायची गरज नाही, नुसतं ऐक," एवढंच सांगा.

धागाकर्ती

मनापासून आभार. उत्तर द्यायची गरज नाही हे दादाला पटेल असं वाटतंय, आज रात्रीच बोलते. बाबांचं अवघड आहे, ते खोलीतच थांबत नाहीत. आधी त्यांना एकट्याला समुपदेशकांकडे न्यावं, की आईलाच सांगावं त्यांना जवळ बोलवायला?