जॅझ नृत्याचा जनक म्हणे जॅक कोल!

लयवेडी

पाश्चात्त्य नृत्याच्या इतिहासावर काहीही वाचायला घ्या, तीन नावं ठरलेली. मॉडर्न म्हटलं की मार्था ग्रॅहम, टॅप (बुटांच्या ठोक्यांचा नाच) म्हटलं की फ्रेड अस्टेअर आणि जॅझ म्हटलं की 'जनक' जॅक कोल. पहिल्या दोघांवर नंतर भांडू. तिसऱ्यावर आजच.

कोल गोरा, १९११ साली न्यू जर्सीत जन्मला. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या डेनिशॉन नृत्यशाळेत तयार झाला, म्हणजे घराणं मॉडर्नचं. पुढे ला मेरी या अमेरिकन नर्तकीकडे भरतनाट्यम शिकला आणि न्यूयॉर्कच्या नाइटक्लबांत स्विंग बँडवर मुद्रा, मानेच्या हालचाली आणि अरैमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) करून दाखवू लागला. त्याला नाव पडलं 'हिंदू स्विंग'. तिथून हॉलीवूड. 'गिल्डा' चित्रपटातली रिटा हेवर्थ आणि 'जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स'मधली मेरिलिन मन्रो, दोघींचे नाच याने बसवलेले.

आता न्यूयॉर्कमध्येच, हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत काय चाललं होतं ते बघा. १९२६ साली उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये रोज रात्री लिंडी हॉप, स्विंगवरचा जोडीचा नाच. १९३५ मध्ये फ्रँकी मॅनिंगने जोडीदारणीला पाठीवरून उलटं घेऊन पलीकडे उतरवलं आणि लिंडीत हवेतल्या उड्या आल्या. समोर खरा जॅझ बँड, नाचणारे आणि वाजवणारे एकमेकांना चढवतायत. इतिहासात मात्र हा 'सोशल डान्स' आणि कोलचा तो 'जॅझ डान्स'! मॅनिंगने पुढे टपाल खात्यात तीसेक वर्षं नोकरी केली. ऐंशीच्या दशकात तरुण पोरांनी त्याला शोधून काढलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं की हा माणूस अजून आहे.

आणि कृष्णवर्णीय नर्तकी कॅथरिन डनहॅम? १९३५-३६ मध्ये मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी हैती, जमैका, मार्तिनिक, त्रिनिदाद फिरून आली. खांदा वेगळा, बरगड्या वेगळ्या, कंबर वेगळी चालवायची हे तिने तंत्र म्हणून शिकवलं, न्यूयॉर्कला शाळा काढली. तिला 'जननी' म्हणायला कोणाची हरकत होती?

मला हा जनक मान्य नाही. बोला.

तबकडी

मान्य नसेल तर नका मानू, पण नाच आणि शिकवता येण्यासारखी पद्धत यांत फरक असतो, ताई. लिंडी हॉप जोडीने करायचा, उत्स्फूर्त, सॅव्हॉयच्या फरशीवर. रंगमंचावर चोवीस जणांनी एका वेळी तेच अंग त्याच मात्रेला वळवायचं, कॅमेऱ्यासमोर दहा वेळा तेच द्यायचं, हे वेगळं काम. कोलने चाळीसच्या दशकात कोलंबिया स्टुडिओत पगारी नर्तकांचा रोजचा वर्ग चालवला. बॅले, मॉडर्न, भरतनाट्यम, सगळं घोटून घेत असे. ग्वेन व्हर्डन वर्षानुवर्षं त्याची मदतनीस होती, आणि व्हर्डनशिवाय ब्रॉडवेचा नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी उभा राहतो का सांगा.

कोल हार्लेमचा चोर असता तर आल्विन एलीसारख्या कृष्णवर्णीय नर्तकाने त्याच्या हाताखाली काम केलं नसतं. १९५७ च्या 'जमैका' या ब्रॉडवे संगीतिकेत कोलचं नृत्यदिग्दर्शन होतं आणि एली प्रमुख नर्तक.

लयवेडी

पगारी वर्ग कोणाला चालवायला मिळाला, प्रश्न तोच तर आहे! 'स्टॉर्मी वेदर'मध्ये (१९४३) निकोलस बंधू हे कृष्णवर्णीय टॅप नर्तक भल्यामोठ्या जिन्यावर एकमेकांवरून उड्या मारत पाय फाकून उतरतात. त्यांना कोणत्या स्टुडिओने वर्ग काढून दिला? इतर चित्रपटांत त्यांचे नाच कथेपासून सुटे ठेवत, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णभेदी थिएटरांना कापून टाकता यावेत म्हणून. रीळ कात्रीखाली जाणार असेल तर 'पद्धत' कुठून तयार होणार?

खटखट्या

टॅपचा विषय निघालाच आहे तर लिहितो, नाहीतर मी फक्त वाचत होतो.

१७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात गुलामांचं स्टोनोचं बंड झालं. पुढच्याच वर्षी कायदा करून गुलामांचे ढोल बंद केले. तालाने निरोप जातात ही भीती. मग ताल हातांत आणि पायांत आला. ढोल गेले म्हणून टॅप जन्मला असं सरळ गणित मी मांडणार नाही, कारण त्यात आयरिश जिग आहे, लँकशायरच्या गिरणी कामगारांचा लाकडी तळव्यांचा क्लॉग आहे. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्ससारख्या गरीब वस्तीत हे सगळे शेजारी राहत. १८४२ मध्ये डिकन्सने तिथल्या तळघरात एका कृष्णवर्णीय पोराचा नाच पाहून लिहिलं, तो बहुधा विल्यम हेन्री लेन ऊर्फ मास्टर जूबा. म्हणजे इथे 'बाप' शोधायला गेलात तर मोहल्लाच सापडतो.

पण श्रेयाचं काय होतं ते बघायचं असेल तर 'स्विंग टाइम' (१९३६) बघा. कृष्णवर्णीय टॅप नर्तक बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सनला मानवंदना म्हणून गोरा अस्टेअर तोंडाला काळं फासून नाचतो. गंमत अशी की पायांची शैली रॉबिन्सनची नाहीच, ती दुसऱ्या कृष्णवर्णीय नर्तकाची, जॉन बबल्सच्या वळणाची. रॉबिन्सन चवड्यावर, हलका, ताठ. बबल्सने टाच खाली आणली, ठोका जड केला, लय अर्ध्यावर आणली. म्हणजे सलाम एकाला, माल दुसऱ्याचा, आणि चेहरा कोणाचाच नाही.

हार्लेमच्या हूफर्स क्लबात, टॅप नर्तकांच्या अड्ड्यावर, मात्र नियम साफ होता. दुसऱ्याची स्टेप उचल, पण जशीच्या तशी केलीस तर तोंड दाखवू नकोस. या कसोटीवर कोल पास होतो असं माझं मत. तो उचलतो, पण जसंच्या तसं काही ठेवत नाही.

अडवू_पंधरा_वर्षं

खटखट्या, तुमची कसोटी हार्लेमला ठीक. आमच्या बाजूने बघा. रूथ सेंट डेनिसला सिगारेटच्या जाहिरातीवरची इजिप्शियन देवी पाहून पौर्वात्य नाचाची हुक्की आली आणि १९०६ मध्ये तिने 'राधा' रंगमंचावर आणली. संगीत कोणाचं? फ्रेंच ऑपेरातलं. त्या घरात वाढलेला मुलगा आमची अरैमंडी नाइटक्लबात नेतो. माझ्या गुरूंनी आम्हाला तट्टडवू (भरतनाट्यमचा पहिला पदन्यास) एका लयीत बसेपर्यंत पुढे सरकू दिलं नाही, आणि इथे दारूच्या टेबलांमध्ये 'हिंदू स्विंग'?

तबकडी

अहो, पण भरतनाट्यम आपल्या इथे तरी कोणाकडून कोणाकडे गेलं? देवदासींचं सदिर होतं ते. १९३५ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी चेन्नईच्या अड्यारला ते सादर केलं, पुढच्या वर्षी कलाक्षेत्र ही संस्था काढली, शृंगार आवरता घेतला. त्यांना नृत्याकडे वळवणारी कोण, तर रशियन बॅलेरिना पाव्हलोव्हा. देवदासी घराण्यातल्या नर्तकी बालसरस्वती या शुद्धीकरणाला जन्मभर विरोध करत राहिल्या. कोलला दारात अडवायचं तर आधी चेन्नईच्या दारात थांबावं लागेल.

सातारी_कंदी

तंजावरला सरफोजी राजांच्या पदरी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे चार भाऊ होते. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा क्रम त्यांनी लावला. राजे मराठी. म्हणजे मेरिलिन मन्रोच्या हातवाऱ्यांत थोडा वाटा भोसल्यांचा धरायला हरकत नाही. 😄

अडवू_पंधरा_वर्षं

काका, राजाश्रय दिला म्हणून नाच राजाचा होत नाही. सरफोजींनी मराठी निरूपणं (नाचासाठीच्या रचना) लिहिली, आचार्य पार्वतीकुमारांनी ती मुंबईत पुन्हा उभी केली, तेवढं घ्या आणि खूश राहा.

तबकडी, देवदासींबद्दलचा मुद्दा खरा, आणि तो मला टोचतो. पण त्याने कोल सुटत नाही. दोन्हीकडे ज्यांच्या अंगात नाच होता त्यांनाच बाहेर ठेवलं. बालसरस्वती अमेरिकेतल्या जेकब्ज पिलो या नृत्यमहोत्सवात नाचल्या १९६२ मध्ये. तोवर अमेरिकेत 'हिंदू' नाचाचे तज्ज्ञ ठरून कित्येक वर्षं झाली होती.

लयवेडी

एलीचं राहिलं. 'जमैका'त कोलच्या हाताखाली नाचला हे खरं, त्याला कोलबद्दल आदर होता हेही खरं. पण दुसऱ्याच वर्षी, १९५८ ला, त्याने स्वतःची नृत्यमंडळी काढली आणि १९६० मध्ये 'रेव्हेलेशन्स' आणलं. चर्चमधली भजनं, टेक्ससमधलं बालपण. त्यात कोल कुठे दिसतो ते दाखवा.

तबकडी

कोल नसेल, लेस्टर हॉर्टन तर ढळढळीत दिसतो. एका पायावर उभं राहून धड आडवं टाकायचं ते हॉर्टनचंच तंत्र. एली त्याच्याकडेच शिकला. आणि ताई, हॉर्टन इंडियानाचा गोराच होता. मग 'रेव्हेलेशन्स' कोणाच्या खात्यात मांडू?