उत्तर: दुसऱ्याने गाडी ठोकली तर खर्च कोणाचा?

'चूक समोरच्याची आहे, मग त्याचा इन्शुरन्स भरेल' असं बरेच जण म्हणतात, ते कायद्याने बरोबर आहे. थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं. पण ते पैसे मागायला मोटार अपघात न्यायाधिकरणात जावं लागतं. चेपलेल्या दारासाठी कोण वकील लावणार? म्हणून माणूस आपल्याच पॉलिसीवर क्लेम टाकतो, आणि चूक नसताना त्याचाच नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जातो. हा मला सरळ अन्याय वाटतो.

त्या बोनसची किंमत मात्र सहसा कोणी मांडत नाही. समजा तुमचा बोनस ५० टक्क्यांवर आहे. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं चढत जाऊन पुन्हा ५०. गमावलेली सूट जोडली तर ओन डॅमेज प्रीमियमच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या वार्षिक हप्त्याच्या) सव्वापट होते. प्रीमियम दहा हजार धरला तर साडेबारा हजार. वर प्रत्येक क्लेममध्ये सक्तीने भरायचे हजार-दोन हजार तुमच्या खिशातून, आणि झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक बंपरची निम्मीच किंमत मिळते.

आमच्या सोसायटीत टेम्पोने मागे घेताना माझ्या गाडीचं मागचं दार दाबलं. रंग तडकला नव्हता, त्यामुळे डेंटरने आतून दांडा घालून, रंग न लावता पत्रा वर काढला. टेम्पोवाल्याने तिथेच पैसे दिले. क्लेम फॉर्म भरण्याआधी रंगावर नख फिरवून तडा आहे का बघा आणि एका डेंटरला विचारा.