गव्हाच्या बिअरसाठी हालरटाऊ हॉप्स मिळाले नाहीत, तर पर्याय कोणता?

प्रश्न : गव्हाळ (पुणे)

नमस्कार. परिचयातील एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीच्या मालकांनी त्यांचा २० लिटरचा चाचणी-संच अधूनमधून आम्हा हौशी मंडळींना वापरू देण्याचे मान्य केले आहे. (परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे महाराष्ट्रात कायद्याला धरून नाही, याची कल्पना आहे, म्हणूनच ही सोय केली आहे.) पुढची बॅच जर्मन पद्धतीच्या हेफेवायझेनची (न गाळलेल्या गव्हाच्या बिअरची) करायची आहे. निम्मे गव्हाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), निम्मे बार्लीचे आणि सुरुवातीची घनता १.०५० असा बेत आहे.

हाताशी असलेल्या पाककृतीत हालरटाऊ मिटलफ्रू या वाणाचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले) सांगितले आहेत : ४ टक्के आल्फा आम्ल (कडूपणा देणारा घटक) असलेले २५ ग्रॅम ६० मिनिटे उकळण्यासाठी आणि त्याच हॉप्सचे १० ग्रॅम शेवटच्या १० मिनिटांसाठी. अडचण अशी की, ते सध्या कुठेही मिळत नाहीत. मॅग्नम (१२.५ टक्के), कॅस्केड (६ टक्के), साझ (३.२ टक्के) आणि सिट्रा या वाणांची पेलेट (दळून दाबलेल्या गोळ्या) मात्र मिळू शकतात. यांपैकी काय घ्यावे, आणि घेतल्यास वजन तेच ठेवावे की बदलावे? एका मित्राने अर्धवट चेष्टेत काडेचिराईत वापरण्याचे सुचवले आहे. त्यावरही जाणकारांचे मत कळल्यास बरे होईल.

प्रतिसाद १ : मुठाकाठ

वजन तेच ठेवून मॅग्नम घातलेत तर बिअर कडूजहर होईल, म्हणून आधी हिशेब पाहू. पाककृतीतील ६० मिनिटांच्या हॉप्सचे काम फक्त कडूपणा देण्याचे आहे. तासभर उकळल्यावर त्यांचा सुगंध जवळजवळ सगळा वाफेबरोबर निघून जातो. तेव्हा ग्रॅम आणि आल्फा टक्के यांचा गुणाकार कायम राखला की पुरते. येथे तो २५ गुणिले ४, म्हणजे १०० आहे. त्याला नव्या हॉप्सच्या टक्केवारीने भागा : मॅग्नमचे ८ ग्रॅम, कॅस्केडचे सुमारे १७ आणि साझचे ३१ ग्रॅम येतील. यांतील काहीही घातले तरी या टप्प्यातून साधारण साडेअकरा आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजण्याचे एकक) मिळतात आणि शेवटच्या १० ग्रॅमचे दीड-पावणेदोन धरले की एकूण आकडा १३ च्या आसपास जातो. हेफेवायझेनसाठी ८ ते १५ ही रूढ मर्यादा आहे, त्यामुळे आपण आरामात आत आहोत.

माझी निवड मॅग्नम. त्याचा कडूपणा स्वच्छ असतो आणि जिभेवर रेंगाळत नाही. वजन मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर करू नका, कारण ८ ग्रॅममध्ये एका ग्रॅमची चूक म्हणजे दीड आयबीयूचा फरक. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आता कुठेही मिळतो.

एक स्थानिक बाब : पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि आल्फा आम्लांचे रूपांतर किंचित मंद गतीने होते. उकळण्याचा वेळ पाच-दहा मिनिटांनी वाढवलात तर ती तूट भरून निघेल. नाही वाढवलात तरी फार बिघडणार नाही.

प्रतिसाद २ : एरंडवणेकर

मुठाकाठ यांच्या हिशेबाशी पूर्ण सहमत. केवळ शेवटच्या १० ग्रॅमबद्दल भर घालतो, कारण तेथे गुणाकाराचा नियम लावून उपयोग नाही. त्या टप्प्यावर आपल्याला आल्फा आम्ल नको असते, सुगंधी तेले हवी असतात. म्हणून वजन तेवढेच ठेवून वाण जवळचा निवडावा. तुमच्या यादीत त्या जागी साझच बसतो. बोहेमियाचा हा वाण हालरटाऊपेक्षा थोडा अधिक मसालेदार आणि गवताळ वाटेल, पण दोघांचे घराणे एकच समजा : आल्फा कमी, वास सौम्य. बाजारात टेटनांग, हर्सब्रुकर किंवा हालरटाऊ ट्रॅडिशन दिसल्यास ते साझच्याही आधी घ्या. अमेरिकेतील माउंट हूड आणि लिबर्टी हे वाण तर हालरटाऊपासूनच पैदास केलेले आहेत.

मिटलफ्रूची टंचाई नवी नाही. १९७० च्या दशकात व्हर्टिसिलियम या बुरशीमुळे येणाऱ्या मर रोगाने जर्मनीच्या हालरटाऊ भागातील त्याची लागवड फार घटली आणि तेथल्याच हुल येथील हॉप्स संशोधन केंद्राने रोगाला तोंड देतील असे वाण काढण्यावर भर दिला. मॅग्नमही त्याच केंद्राचा. त्यामुळे मॅग्नम घातल्याने बिअरचे जर्मनपण उणे होते, असे कोणी म्हटले तर मनावर घेऊ नका.

सिट्रा मात्र या बॅचमध्ये नको. हेफेवायझेनमधला केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा आणि लवंगेचा वास ४-व्हिनाइल ग्वायकॉलचा, आणि दोन्ही यीस्टची देणगी. त्यावर सिट्राचा आंबा-लिची-मोसंबीचा मारा झाला की यीस्टने केलेले सगळे झाकले जाते.

प्रतिसाद ३ : जुनी_सांगवी

कॅस्केडला इतक्या सहज वगळू नये, असे मला वाटते. अमेरिकी पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये, जेथे यीस्ट साधे असते आणि केळे-लवंग अपेक्षितच नसते, तेथे कॅस्केडचा पपनसासारखा वास उत्तम शोभतो. प्रश्नकर्त्यांना जर्मन शैलीच हवी असल्याने येथे तो दुय्यम, एवढे मान्य.

काडेचिराईताबद्दल : कडूपणाच हवा असेल तर तो मिळेल, आणि तोंडातून जाता जाणार नाही. हॉप्स प्रचलित होण्यापूर्वी युरोपातही निरनिराळ्या वनस्पती घालूनच बिअर करत. परंतु हॉप्सची आम्ले लॅक्टोबॅसिलससारख्या, बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात आणि ते काम काडेचिराईत तितक्याच खात्रीने करील, असे गृहीत धरता येत नाही. २० लिटर वॉर्ट (बिअर होण्याआधीचा माल्टचा गोड काढा) पणाला लावण्याइतका हा प्रयोग मोलाचा नाही. (धने आणि संत्र्याची साल घालण्याचा सल्लाही कोणीतरी देईलच, ती बेल्जियन विटबिअर होते, हेफेवायझेन नव्हे.)

आता ज्याबद्दल कोणी बोलले नाही ते. वाणाच्या नावापेक्षा पाकीट कसे सांभाळले गेले, याला मी अधिक महत्त्व देतो. उष्णता आणि हवा लागली की आल्फा आम्ल घटत जाते आणि पाकिटावरचा आकडा कागदावरच राहतो. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गोदामात चार दिवस पडून राहिलेल्या १२.५ टक्क्यांच्या मॅग्नमवर मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. पाकीट निर्वात असावे आणि त्यावर पिकाचे वर्ष छापलेले असावे. उघडल्यावर एक पेलेट बोटांत चुरडून पाहा. आत हिरवा रंग, बोटांना चिकटपणा आणि ताज्या गवताचा, किंचित राळेसारखा वास आला तर माल चांगला. रंग तपकिरी असेल आणि जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास येत असेल, तर तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा, आणि असे हॉप्स शेवटच्या १० मिनिटांत तर मुळीच घालू नयेत. उरलेले पाकीट हवा काढून, घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावे. खालच्या कप्प्यात, भाजीच्या शेजारी नव्हे.

गव्हाळ

तिघांचेही मनापासून आभार. ६० मिनिटांना मॅग्नम ८ ग्रॅम आणि १० मिनिटांना साझ १० ग्रॅम, असे जवळजवळ ठरले आहे. एक उपप्रश्न : हिमाचलमधील लाहौलच्या खोऱ्यात पिकलेले वाळलेले हॉप्स एका स्नेह्यांनी आणून दिले आहेत. वास ताजा आहे, रंगही हिरवा आहे, पण ना वाणाचे नाव ठाऊक आहे, ना आल्फाची टक्केवारी. आपल्या देशातले पीक म्हणून वापरण्याचा मोह होतो. हिशेब कसा करावा?

मुठाकाठ

जेथे टक्केवारीने फरक पडत नाही तेथे वापरा. समजा आल्फा ५ टक्के असेल किंवा ८ टक्के असेल, आपल्याला ठाऊक नाही. असे २० ग्रॅम ६० मिनिटे उकळले तर एका बाजूला साडेअकरा आयबीयू आणि दुसऱ्या बाजूला अठराच्या वर, म्हणजे बिअर हेफेवायझेनच्या मर्यादेबाहेर. तेच १० ग्रॅम शेवटच्या १० मिनिटांत घातले तर दोन आणि साडेतीन यांच्या दरम्यान काहीतरी येईल, आणि तेवढा फरक पिणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. म्हणून कडूपणाची जबाबदारी मॅग्नमवरच ठेवा आणि साझच्या जागी लाहौलचे हॉप्स घाला. मात्र त्याआधी त्यांतील चिमूटभर हॉप्स गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून वास घ्या. तो वास गव्हाच्या बिअरमध्ये आवडेल असे वाटले तर पुढे जा, नाहीतर साझ आहेच.

आख्खी फुले असल्याने ती पेलेटसारखी तळाशी बसत नाहीत आणि वॉर्टही शोषून घेतात. मलमलच्या सैल पिशवीत घाला, म्हणजे उकळ संपल्यावर बाहेर काढून निथळता येतील आणि संचाची तोटी तुंबणार नाही.