‘अधीन असा’ हे वचन मार खाणाऱ्या बाईला सांगावं का?

संडेस्कूलवाली (सोलापूर): जय ख्रिस्त. आमच्या चर्चच्या मंडळीतली एक अक्का पूर्व भागात विड्या वळते. रविवारी संध्याकाळी तिच्या घरी गेले. मांडीवर सूप, पानं कापून ठेवलेली, पण उजव्या हाताचं मधलं बोट सुजून टम्म. दोरा गुंडाळताच येईना. नवऱ्याने दारात बोट चेमटलं होतं. पाळकांकडे (चर्चच्या पास्टरांकडे) गेली तर त्यांनी बायबलमधलं इफिसकरांस पत्र, ५:२२ काढून दिलं, म्हणजे बायकांनी आपापल्या नवऱ्याच्या अधीन असावं हे वचन, प्रार्थना केली आणि घरी पाठवलं.

मला हे पटत नाही. २२ च्या आधी २१ आहे: ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. मूळ ग्रीकच्या काही अतिशय जुन्या हस्तलिखितांत २२ मध्ये ‘अधीन असा’ हे क्रियापदच नाही, ते २१ वरून घ्यावं लागतं. म्हणजे दोन्ही वचनं एकाच श्वासातली. आपण मधेच तोडतो आणि उरलेला तुकडा बाईच्या हातात देतो.

जुना सभासद: ताई, मार वाईटच. पण पवित्र शास्त्र आपल्या सोयीनं वळवू नका. ग्रीक किती जणांना येतं? साध्या विश्वासणाऱ्यानं मराठीत जे छापलंय तेच धरायचं ना? आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात, अध्याय १९ मध्ये, प्रभू येशू स्वतः सांगतात, देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये. आज मारासाठी सूट दिली, उद्या भांडणासाठी मागतील. मी मंडळीत तीन घरं मोडताना बघितली आहेत, पोरांचे हाल डोळ्यांनी बघितलेत.

संडेस्कूलवाली: काका, मराठीतच वाचू. २१ वं वचन मराठीतही आहे, २५ वंही. नवऱ्यानं ख्रिस्तासारखी प्रीती करावी, आणि ख्रिस्तानं तर मंडळीसाठी स्वतःचा जीव दिला. हे नवऱ्याला कोणी वाचून दाखवलं का? केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी केलं. टाकलेल्या, मारलेल्या बायका त्यांच्या आश्रमातच होत्या. मूळ भाषेत जाणं म्हणजे सोय बघणं, असं मी मानत नाही.

मत्तय १९ चा प्रश्नही बघा. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, विचारतात, कोणत्याही कारणावरून बायको टाकावी का? प्रभूचं उत्तर बायको टाकणाऱ्या पुरुषाला आहे. जीव वाचवायला घराबाहेर पडलेल्या बाईला तेच वाक्य ऐकवायचं?

कोर्टात काम करते: एक माहिती. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. २००१ ची दुरुस्ती होईपर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला नुसत्या छळावर घटस्फोट नव्हता, व्यभिचार आणि त्याच्या जोडीला छळ असं दाखवावं लागे. आता छळ हे दोघांनाही स्वतंत्र कारण आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या ख्रिस्ती बायका मात्र अजून पहिलं हेच विचारतात, “देव रागावेल का?”

पूर्वभागकर: कायदा बदलतो, वचन बदलत नाही. जुन्या करारातलं मलाखी २:१६ वाचा, देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे.

संडेस्कूलवाली: दादा, ते वचन तिथं संपत नाही. पुढं आपलं वस्त्र जुलमानं झाकणाऱ्याचाही तिटकारा आहे. पहिला अर्धा भाग आपल्याला तोंडपाठ, दुसरा कधी प्रवचनात आला नाही. मला आठवतं तेव्हापासून नाही.

जुना सभासद: करिंथकरांस पहिल्या पत्रात, अध्याय ७ मध्ये, प्रेषित पौल म्हणतो, बायकोनं वेगळं होऊ नये, पण झालीच तर पुन्हा लग्न न करता राहावं किंवा समेट करावा. म्हणजे वेगळं राहण्याची गोष्ट त्यानंही धरली आहे. तेवढं मी मानतो. पुढचं लग्न नाही मानत.

संडेस्कूलवाली: पुढच्या लग्नाचं तिनं नावही काढलेलं नाही, काका. तिला रात्री झोप हवी आहे. सध्या माझ्याकडे आहे. बोटाला सिव्हिलमध्ये पट्टी घातली, दोन आठवडे विड्या बंद, म्हणजे मजुरीही बंद. बुधवारी मी पाळकसाहेबांकडे जाणार आहे. नवऱ्याला बोलावून त्यांनी २१ आणि २५ वाचून दाखवावं, एवढंच मागणार.

जुना सभासद: बुधवारी मीही येतो. त्या पोराचं लग्न माझ्यासमोर लागलंय, मी बोलेन त्याच्याशी. पण घटस्फोटाच्या कागदावर साक्षीदार व्हा म्हणाल तर होणार नाही, आत्ताच सांगतो.