वलांडीपासून आठवडे बाजारापर्यंत

बंदरावरच्या मासेमारी संग्रहालयात जुन्या होड्या आणि जाळी मांडली की झालं, हे मत मला पटत नाही. मी अमळनेरचा. आमच्याकडे समुद्र नाही, पण आठवडे बाजारात गोणपाटावर सुक्या बोंबलांचा ढीग असतो, शेजारी सुकट. माय ते बोंबील तव्यावर खरपूस भाजून लसूण-मिरचीसोबत पाट्यावर ठेचायची. कळण्याच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागायचं नाही.

म्हणून संग्रहालयात वलांडी हवीच. बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या आणि जबड्यात जबडा अडकवून जोडीने वाळत घातलेले बोंबील. ते वाळवणाऱ्या, पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या कोळणींचं काम तिथे दिसलं पाहिजे. सुती जाळी टिकावीत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. नायलॉन आलं आणि ते मागे पडलं. ज्यांनी स्वतःच्या हातांनी ते केलं त्यांचं बोलणं आधी रेकॉर्ड करा, इमारत नंतर बांधा.

आणि तापीकाठच्या आमच्या भोई लोकांना विसरू नका. १९७२ मध्ये खाली गुजरातेत तापीवर उकाई धरण झालं, फुगवटा नंदुरबार जिल्ह्यापर्यंत आला, वाहत्या नदीतली मासेमारी जलाशयातली झाली. तापीकाठच्या प्रकाशा गावात घाटाजवळ एक खोली मिळाली तरी सुरुवात होईल.