मदत हवी आहे : थर्टी फर्स्टची कॉकटेल आदल्या दिवशी करून ठेवायची आहेत, पाण्याचं आणि लिंबाचं गणित सांगा

नमस्कार मंडळी,

31 डिसेंबरला आमच्या घरी म्हापशाला पंचवीसेक माणसं जमणार आहेत. पुण्याहून नणंदेकडची मंडळी, सावंतवाडीहून मावसभावंडं आणि शेजारची दोन घरं. जेवणाचं सासूबाईंनी आणि जावेनं ठरवून टाकलंय, पेयांचं मी अंगावर घेतलंय. त्या रात्री नवऱ्याला किंवा मला ओट्यापाशी पेला पेला मोजत उभं राहायचं नाहीये. ही माणसं वर्षातून एकदा एकत्र येतात, आम्हालाही त्यांच्यात बसायचंय. म्हणून 30 तारखेलाच सगळं बाटल्यांत भरून ठेवायचा विचार आहे.

दोनच प्रकार ठेवणार आहे.

पहिलं, काजूची फेणी आणि कोकम. एका ग्लासाला 45 मिली फेणी, 30 मिली अमृतकोकम, थोडं लिंबू, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर 100 मिली सोडा. एकेक ग्लास करून पाहिलाय, चव घरात सगळ्यांना आवडलीय. हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू) असती तर आणखी हलकं झालं असतं, पण ती मार्च ते मेमधली, डिसेंबरात कुठून आणणार?

दुसरं निग्रोनी, पुण्याच्या मंडळींसाठी. जिन, कंपारी (कडवट लाल इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मूथ (वनस्पती-मसाल्यांचा स्वाद दिलेली वाइन) समसमान, प्रत्येकी 30 मिली. हे बर्फाशिवाय, छोट्या ग्लासात द्यायचंय.

आता जिथे अडलेय ते विचारते. निग्रोनी एरवी बर्फात ढवळून गाळतात, तेव्हा बर्फ वितळून त्यात पाणी उतरतं. बाटलीत भरताना ते पाणी आपणच घालायचं ना? किती? दोन्हींतही घालायचं का? लिंबू आदल्या दिवशी पिळून ठेवलं तर चालेल का? मिरची बाटलीतच सोडली तर रात्रभरात काय होईल? आणि बाटल्या थेट फ्रीझरमध्ये ठेवू की फ्रिजमध्ये?

ज्यांनी मोठ्या प्रमाणावर केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. अंदाजपंचे नको, मापं हवीत.

प्रतिसाद

ताई, पाण्याचा मुद्दा तुम्ही नेमका पकडलात. आधी करून ठेवलेलं कॉकटेल बहुतेक वेळा तिथेच फसतं. नुसतं मद्य मिसळून गार केलं की ते जिभेला चरचरतं, आणि लोक म्हणतात "फार कडक झालंय". खरं तर कमी असतं ते पाणी.

बर्फात ढवळलेल्या पेयात मूळ मापाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पाणी उतरतं. तुमचं 90 मिलीचं निग्रोनी म्हणजे 18 मिली पाणी. पंचवीस जणांचा हिशोब तर फारच सोयीचा आहे. तिन्हींची 750 मिलीची एकेक बाटली पुरी ओतायची, झाले 2250 मिली. त्यात 450 मिली फिल्टरचं पाणी. एकूण 2700 मिली, म्हणजे 108 मिलीचे बरोबर पंचवीस ग्लास. पाणी मापाच्या भांड्यानेच घाला. ग्लासात बर्फाचा खडा टाकून देणार असाल तर 250 मिली पुरे, बाकीचं बर्फ देईल.

फेणी-कोकमात मात्र वेगळं पाणी अजिबात नको. त्यात सोडा आहे, ग्लासात बर्फही असणार. ते बाटलीतून फक्त गार निघालं पाहिजे.

फ्रीझरचं म्हणाल तर पाणी घातलेल्या निग्रोनीत अल्कोहोल जेमतेम 23 टक्के उरतं. घरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 ला ते रात्रभर ठेवलंत तर त्याचा बर्फाळ चिखल होईल. फ्रिजमध्ये ठेवा आणि पाहुणे यायच्या तासभर आधी फ्रीझरमध्ये सरकवा. ग्लासही तेव्हाच आत ठेवा, कारण बर्फाशिवाय द्यायचं तर अर्धं काम गार ग्लास करतो.

संत्र्याची साल बाटलीत घालू नका, पांढऱ्या भागाचा कडूपणा उतरतो. सध्या नागपुरी संत्री आहेतच. सालीची छोटी चकती ग्लासावर धरून पिळायची, तेलाचा फवारा उडतो तेवढा बास. हे काम भाच्यांपैकी कुणीही आनंदाने करेल.

प्रतिसाद

मी कुडाळची, त्यामुळे कोकमाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही कोकम निवडलंत हे फार चांगलं केलंत. लिंबाच्या रसाचा जीव काही तासांचा. आंबटपणा दुसऱ्या दिवशीही असतो, पण वास जातो आणि मागे शिळी, किंचित कडवट चव राहते. अमृतकोकमाला ही भीती नाही. एप्रिल-मेमध्ये साखरेत मुरवलेलं कोकम डिसेंबरपर्यंत तसंच खणखणीत असतं. तेव्हा आंबटपणाचा मुख्य भार कोकमावर टाका आणि लिंबू फक्त वासापुरतं ठेवा. 31 ला संध्याकाळी सहाच्या सुमाराला लिंबं पिळा, ग्लासाला एक छोटा चमचा म्हणजे 5 मिली धरा. पंचवीस ग्लासांना 125 मिली. तेवढं त्याच वेळी बाटल्यांत वाटून घाला.

बाटलीचं प्रमाण सोपं आहे : 600 मिली फेणीला 400 मिली अमृतकोकम. लिटरभरात तेरा ग्लास होतात, दोन बाटल्यांत तुमचं भागतं. मीठ आधी दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवा, नुसतं टाकलंत तर तळाशी बसून राहतं. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरणार असाल तर वेगळं मीठ घालूच नका, आगळात ते भरपूर असतं.

मिरची बाटलीत मुळीच सोडू नका. तिचा तिखटपणा पाण्यापेक्षा मद्यात कितीतरी जास्त उतरतो, सकाळपर्यंत कुणाला घोट घेववणार नाही. ग्लासात एक चीर द्या. बाटलीतच हवी असेल तर अर्धा तास ठेवा, चाखा आणि काढून टाका. लवंग-दालचिनीचंही असंच.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. कल्हई नसलेलं पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियम टाळा, कोकमाचं आम्ल धातूला लागतं. प्लास्टिकच्या बाटलीत फेणीचा वास असा बसतो की ती पुढे कशाच्याच कामाची राहत नाही.

पुण्याच्या मंडळींना काजूच्या फेणीचा वास झेपेल का, याचाही विचार करा. माडाची फेणी मिळाली तर एक बाटली तिची करून बघा. ती वासाला मवाळ असते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, ताई, दोघांचेही मनापासून आभार. माप हातात आलं की धीर येतो. साष्टीतल्या ओळखीच्यांकडे माडाच्या फेणीची चौकशी करते.

आणखी दोन शंका. सोडा पिंपात एकदमच मिसळून ठेवला तर? आणि घरात सहा-सात मुलं आहेत, त्यांच्यासाठीही कोकम सरबतच करणार आहे.

प्रतिसाद

मुलांचं वाचलं म्हणून लगेच लिहितोय. दोन्ही कोकमं दिसायला सारखी लालचुटुक असणार. एकाच टेबलावर, सारख्याच जगमध्ये ती ठेवू नका. मुलांचं सरबत स्टीलच्या पिंपात, जेवणाच्या बाजूला. फेणीचं झाकणाच्या काचेच्या बाटलीत, दुसऱ्या खोलीत, उंचावर. बाटलीवर ठळक मार्करने नाव लिहा. पेलेही वेगळे ठेवा, मुलं मोठ्यांचे अर्धवट ग्लास उचलतात. आमच्याकडे दरवेळी एका मोठ्या माणसावर फक्त एवढंच लक्ष ठेवायचं काम असतं, आणि ते माणूस त्या रात्री पीत नाही.

गाडी चालवणाऱ्यांसाठीही थोडं. तुमच्या मापाने एक निग्रोनी म्हणजे 30 मिलीचे जवळजवळ दोन पेग आणि एक फेणी-कोकम म्हणजे दीड. गार आणि गोड पेय भराभर पोटात जातं, किती झालं ते कळत नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम आहे, एवढ्यातच ती ओलांडली जाऊ शकते. फेणी-कोकमाच्या बाटलीवरच लिहून टाका : "एक ग्लास = दीड पेग". सावंतवाडीच्या मंडळींना रात्री मुक्कामालाच ठेवून घ्या.

सोडा पिंपात मिसळू नका, तासाभरात गॅस उडून जातो. मिसळून बाटली घट्ट बंद करणं तर नकोच, काच फुटू शकते. सोड्याच्या बाटल्याही फ्रिजमध्ये हव्यात, गार सोड्यात गॅस टिकतो. ग्लासात आधी बर्फ, मग 75 मिली मिश्रण, शेवटी कडेने सोडा. बाटलीशेजारी 75 मिलीची खूण केलेला एक छोटा पेला ठेवलात की ज्याचं तो ओतून घेईल.

बर्फ दोन वेगळ्या जागी ठेवा. मासळीवाल्यांकडची लादी टबात बाटल्या गार करायला उत्तम, वर मूठभर जाडं मीठ टाकलंत तर आणखी गार होईल. ग्लासात मात्र पिण्याच्या पाण्याचाच बर्फ, माणशी अर्धा किलो धरा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, सारख्या रंगाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फेणीच्या बाटल्या वरच्या माडीवरच ठेवते, आणि लक्ष ठेवायचं काम नवरा करणार आहे, त्याने आत्ताच कबूल केलंय. सावंतवाडीकरांची अंथरुणंही काढून ठेवते.

एकच राहिलं. उरलं तर किती दिवस टिकेल?

प्रतिसाद

निग्रोनीत रस नाही, त्यामुळे बाटली गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवलीत तर महिनाभर खुशाल राहील. अर्धी बाटली असेल तर छोट्या बाटलीत ओतून घ्या, हवा जितकी कमी तितकी व्हर्मूथची चव टिकते. फेणी-कोकमात लिंबू पडलेलं असेल तर 1 तारखेलाच संपवा. म्हणूनच दुसऱ्या बाटलीत लिंबू आधीच घालून ठेवू नका, पहिली संपत आली की मग पिळा. बिनलिंबाची बाटली फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात राहते.